अरुंधतीने खातं कोरं केलं नाही

अरुंधती पळसुले हिच्याबरोबर मी वर्षभर काम केलं आणि त्या वर्षात तिला स्वस्थ बसलेलं कधी पाहिलं नाही. खुर्ची पुढे केली तर ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची. चहा आला की कप हातात घेऊन खोलीभर फिरायची आणि शेवटचा घोट दारात घ्यायची, म्हणजे लगेच निघता यावं. फोनवर समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हिचं "हां, समझ गई, आगे?" सुरू. सुरुवातीला मला वाटलं, या बाईला माझा कंटाळा येतो. नंतर कळलं की तिला सगळ्यांचाच येतो, आणि मग मला जरा बरं वाटलं. तोंडावर मी तिला ताई म्हणायचे, पण मनात ती नुसती अरुंधतीच होती, म्हणून इथेही तसंच लिहिते.

मी रोहिणी. माहेर कराडकडचं, आणि सध्याचा पत्ता झाशीची छावणी, कारण हे आर्मीत नायब सुभेदार आहेत आणि आर्मी म्हणेल तिथे आमची चूल. झाशीत आल्यावर शेजारणीने मला सीपरी बाजारातल्या मराठी स्नेहमंडळात नेलं. कापडाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत वर एक हॉल आणि सामानाची खोली, खाली स्वयंपाकघर आणि जेवायची खोली, एवढाच मंडळाचा संसार, तोही भाड्याचा. सभासद बहुतेक आमच्यासारखे बदलीचे. आर्मीवाले, रेल्वेवाले, सरकारी इंजिनिअरिंग कंपनीतले. थोडी घरं मात्र जुनी, पिढ्यानुपिढ्या इथेच राहिलेली. त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मिसळलेली की कुठे एक संपते नि दुसरी सुरू होते ते त्यांनाही सांगता येत नाही, आणि मधूनच एखादा शब्द असा येतो की आपण तो लहानपणीच कधीतरी ऐकलेला असतो. अरुंधती त्यांतली. आम्ही सगळे ज्याला मेस म्हणायचो त्याला ती मुदपाकखाना म्हणायची, तेही गंभीर चेहऱ्याने, आणि मी हसले की विचारायची, "तो फिर क्या बोलूँ? किचन?"

ही मेस म्हणजे मंडळाचा जीव. तिथे अनुसयाबाई भाकरी, पिठलं, आमटी, भात करायच्या. नवऱ्यांची पोस्टिंग सीमेवर असलेल्या एकट्या बायका, कंपनीतली नवी पोरं, शहरातली म्हातारी माणसं यांना त्यांचा डबा जायचा. जेवणारे जेवणाचे पैसे देत, त्यातून शिधा आणि गॅस निघे. अनुसयाबाईंचा पगार, भाडं आणि वीज मात्र सभासदांच्या वर्गणीतून. आणि इथेच दरवर्षी घोडं पेंड खायचं. मे महिन्यात बदल्या सुरू होत. जुनी कुटुंबं ट्रंका भरून निघून जात, नवी आली तरी घर लागेपर्यंत, मुलांच्या शाळा होईपर्यंत मंडळाकडे फिरकत नसत. वर्गणी थांबे. मग अनुसयाबाईंना सांगायचं, आता दोन-अडीच महिने सुट्टी, ऑगस्टमध्ये या. पगार अर्थातच नाही. त्या उन्हाळ्यात गरौठ्याला जाऊन एका हलवायाच्या हाताखाली लग्नांच्या पुऱ्या तळायच्या.

साधा प्रश्न आहे, मग वर्षभराच्या वर्गणीतून थोडे पैसे मागे का ठेवत नाहीत? मीही हाच विचारला होता. उत्तर म्हणून मला वरच्या मजल्यावरची सामानाची खोली दाखवली गेली. तिथे तीन हार्मोनियम होत्या. मंडळात पेटी वाजवणारा एकही माणूस नव्हता. सतरंज्यांची छतापर्यंत चळत, एक भाषणाचं लाकडी टेबल, त्याच्याहून मोठं आणखी एक, मखमली पडदा, आणि अख्ख्या पलटणीचा भात शिजेल अशी पातेली. बहुतेक वस्तूंवर ऑइलपेंटने त्या त्या खजिनदाराचं नाव आणि साल.

मंडळाची रीत अशी की खजिनदाराने जाताना खातं कोरं करून द्यायचं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी वार्षिक सभा. त्याआधी जे काही उरलं असेल त्याची वस्तू घ्यायची, बँकेला लागते तेवढी किमान शिल्लक सोडायची, आणि सभेत पासबुक वर धरून म्हणायचं, "खातं कोरं आहे." मग टाळ्या, शाल, नारळ. म्हणजे माणूस प्रामाणिक, मागे काही ठेवलं नाही, बरोबर काही नेलं नाही. उद्या भोपाळला किंवा जोधपूरला बसलेल्या माणसाकडे कोण बोट दाखवणार? बदलीच्या माणसाला हे फार सोयीचं. मला स्वतःला ही रीत ऐकून आधी कौतुकच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

अरुंधतीला खजिनदार केलं ते दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. ती एका खासगी शाळेच्या ऑफिसात अकाउंट्स बघायची. पन्नाशीला आलेली, लग्न केलेलं नाही, घरी ती आणि वडील. जुन्या घरांतलं कुणी मंडळाचं पद घ्यायला पुढे येत नसे, ही आली, त्यामुळे सगळे खूश होते. मला चिटणीस केलं कारण माझं अक्षर बरं आहे.

पहिल्याच आठवड्यात तिने मला कामाला लावलं. मेसचं खातं आणि मंडळाचं खातं वेगळं केलं. वरच्या हॉलमधल्या कार्यक्रमांची वीज खालच्या मेसच्या मीटरवर जात होती, म्हणून दरवर्षी मेस तोट्यात दिसायची आणि हॉल फायद्यात. तिने हॉलसाठी वेगळा मीटर बसवून घेतला आणि एका महिन्यात तोटा कुठला ते सगळ्यांना दिसलं. भाजी रोज कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून यायची, ती आठवड्यातून दोनदा मंडीतून आणायला लागली. वर्गणी हातात घेणं बंद, दारावर क्यूआर कोड लावला, पैसे थेट बँकेत. चेकवर दोन सह्या, एक तिची, एक माझी. महिना संपला की जमाखर्चाचा कागद जिन्याच्या तोंडाशी चिकटवायचा. तो कागद वाचताना मी कुणालाही पाहिलं नाही. त्याच्यावर टेकून लोक चपला मात्र काढायचे.

"कुणी वाचत नाही, ताई," मी एकदा वैतागून म्हटलं.

"न वाचू दे. लावलाच नाही, असं तर कोणी म्हणणार नाही ना?"

तिचं म्हणणं एका ओळीचं होतं. शाळेत फी येते वर्षातून तीनदा आणि पगार द्यावे लागतात बाराही महिने, तरी शाळा चालते की नाही? मंडळाला वर्गणी मिळते नऊ-दहा महिने. ती बारा महिन्यांवर पसरायची, बस. वस्तू घ्यायची नाही, नाव रंगवायचं नाही. हे ऐकायला इतकं सोपं होतं की यात भांडणाला जागा कुठे असेल, असं मला वाटलं. मी या मंडळात नवी होते.

होळी झाली आणि अनुसयाबाईंनी आम्हा दोघींना स्वयंपाकघरात थांबवलं. हात पिठाचे होते, ते त्यांनी धुतले, पुसले, मग बोलल्या. गरौठ्याचा हलवाई आता बसस्टँडवर हॉटेल टाकतोय. बारा महिन्यांचं काम देतो म्हणतो, राहायला खोली देतो. "मला नाही जायचं, ताई. हितं माझी माणसं हायेत. पण औंदा बी मे महिन्यात सुट्टी देणार असाल तर मी तिकडंच जाईन, ती कायमची. आता हात भाजून घेऊन परत यायचं वय नाही राहिलं."

"सुट्टी नाही मिळणार," अरुंधती म्हणाली. "मे, जून, जुलै, मेस चालू राहील. पगार मिळेल."

"सभा हो म्हणंल?"

अरुंधती तडक जिना चढून गेली. मी तिच्या मागे. वर गेल्यावर ती हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिली. पैसे होते. उन्हाळाभर मेस चालेल एवढे पैसे तिने वर्षभरात मागे टाकले होते आणि मंडळाच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवले होते, अशा बेताने की मे महिन्यात ती ठेव सुटेल. अडचण पैशांची नव्हतीच. सभेसमोर खातं कोरं नसणार, ही अडचण होती.

मार्चमध्ये अध्यक्षांनी पासबुक मागवलं. सुभाषचंद्र साहेब कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, मूळचे नागपूरचे, स्वभावाने भला माणूस, पण त्यांची भोपाळला बदली झाली होती आणि सगळं आवरून जायची त्यांना घाई. पासबुक पाहून त्यांनी चष्मा काढला.

"ताई, हे काय करून राहिल्या तुम्ही? एवढे पैसे तसेच? हॉलला एसी बसवून टाकू ना. खातं कोरं, विषय संपला."

"एसी बसवला तर अनुसयाबाई जातील, साहेब. मग एसीत बसून खायचं काय?"

"ते पुढची कमिटी बघेल."

"पुढची कमिटी ऑगस्टमध्ये येईल," अरुंधती म्हणाली. "मे महिन्यात कोण येणार आहे?"

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पासबुक बंद करून तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बघा बुवा. लोक काय म्हणतील तेवढं बघा."

लोक म्हणायला लागलेच होते. माझ्या कानावर छावणीतल्या भिशीत आलं. त्या पळसुलेबाईंनी म्हणे ठेव केलीय. कुणाच्या नावावर, काय माहीत. इतके पैसे उरलेच कसे, आधीच्या कुणाचे कधी उरले नाहीत. मंडीतली भाजी काय भावाने घेते ते कुणी पाहिलंय? शिवाय ती इथलीच, तिला कुठे जायचंय, आरामात खाईल. मी तिथल्या तिथे सांगितलं की ठेव मंडळाच्या नावावर आहे आणि दुसरी सही माझी आहे. मग एकीने विचारलं, साबुदाणा कुणाला हवाय का. मी घरी येऊन यांच्यावर ओरडले, ज्यांचा काही संबंध नव्हता.

एप्रिल तसा गेला. ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. आमच्या बदलीचा कागद आला, मेअखेर निघायचं, त्यामुळे घरात अर्ध्या ट्रंका उघड्या आणि कुठलीच वस्तू जागेवर सापडेना. मुलं परीक्षा संपल्यामुळे घरात धुमाकूळ घालत होती. तिकडे अरुंधती हॉलमध्ये शिरली की बोलणं थांबायला लागलं होतं. उद्धट कुणीच वागत नव्हतं. उलट सगळे फार गोड बोलायचे, "बसा ना ताई, चहा घ्या ना ताई." ठेवीबद्दल तिला एका माणसाने एक अक्षर विचारलं नाही. ती मुद्दाम कागद हातात घेऊन लोकांसमोर उभी राहायची, की विचारतील. लोक उन्हाबद्दल बोलायचे. तिची झोप उडालेली डोळ्यांवरून कळत होती. शाळेत तिने एका पालकाला चुकीची पावती दिली आणि ते मला तीनदा सांगितलं, जणू कुणाचा खून केला असावा.

शेवटी मीच तिला न सांगता तिच्या घरी गेले. वडिलांनी समजावलं तर दोन जुनी घरं तरी तिच्या बाजूने हात वर करतील, असा माझा हिशोब. शिलाई मशिनच्या दुकानावर दोन खोल्या. नीलकंठराव, म्हणजे आप्पा, रेल्वेच्या ऑफिसातून केव्हाच निवृत्त झालेले, बारीक, ताठ, धोतर नव्हे तर इस्त्रीची पॅन्ट घालून घरात बसणारे. मी सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "तिला सांगा, कोरं करून टाक. पंखे घे, भांडी घे, काय वाट्टेल ते घे."

"आप्पा, मग अनुसयाबाई जातील. तुमचा डबा त्यांच्याच हातचा येतो ना?"

"येतो. खिचडी मला येते करता." ते उठून खिडकीशी गेले. "बेटा, तुम्ही लोक जाणार. तुमच्या मागे जे बोललं जातं ते तुमच्या सामानाबरोबर निघून जातं. आम्ही इथेच राहतो. आमच्याबद्दलचं बोलणंही इथेच राहतं. मेरी बात मानिए, तिला सांभाळा."

मला राग आला. घरच्या माणसाने तरी पाठीशी उभं राहावं की नाही? मी म्हटलं, "कुठल्या जमान्यातली ही रीत, कुणी काढली कोण जाणे, आणि तिच्यापायी..."

"मी काढली," आप्पा म्हणाले.

ते खजिनदार होते तेव्हा. जुन्या हॉलच्या छपरासाठी त्यांनी पैसे जमवून ठेवीत टाकले होते. त्या वर्षी कमिटीतले ओळखीचे सगळे बदलून गेले, नवे आले, आणि कुजबूज सुरू झाली की पळसुल्यांनी मंडळाचा पैसा अडकवून ठेवलाय, व्याज कुठे जातं बघा. आप्पांनी ठेव मोडली. सगळ्याच्या सतरंज्या आणि पातेली घेतली, सभेत पासबुक दाखवलं, म्हणाले खातं कोरं आहे, आणि निघून गेले ते मंडळात परत आले नाहीत. पुढच्या खजिनदाराने घाबरून तेच केलं. त्याच्या पुढच्याने वाटलं की असंच करायचं असतं. "छप्पर त्याच पावसाळ्यात गेलं," आप्पा म्हणाले. "मंडळ भाड्याच्या जागेत आलं. सतरंज्या अजून आहेत म्हणे."

दुसऱ्या दिवशी मी अरुंधतीला हे सांगितलं. आम्ही तिच्या स्कूटीवर मंडीत चाललो होतो. तिला सगळं आधीच ठाऊक होतं. "मी कॉलेजात होते तेव्हा," ती हॉर्न वाजवत म्हणाली. "घरी कुणी बोलायचं नाही. आई माहेरी गुरसरायला निघून जायची आठ-आठ दिवस, कारण घरात बसवत नसे. माझ्या बापाने पैसे नीट ठेवले, एवढाच त्याचा गुन्हा. उडवले असते तर शाल मिळाली असती." मग गाडी मंडीकडे वळवत म्हणाली, "लोक मला गुन्हेगार समजले तरी चालेल, रोहिणी. पण आता कोरं करून दिलं तर आप्पा चूक होते असंच ठरेल ना? दोनदा?"

पाठीमागे बसून मला तिचा चेहरा दिसत नव्हता आणि ते बरंच झालं.

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. बदलीवर जाणारे निरोपासाठी आले होते, बाकीचे काय होतंय ते बघायला. अनुसयाबाई दारात उभ्या होत्या, पदर खोचलेला, जणू आत यायचं की गरौठ्याची बस धरायची ते अजून ठरायचं होतं. अरुंधतीने उभं राहून जमाखर्च वाचला. शेवटी म्हणाली, "खातं कोरं नाही. मेसच्या उन्हाळ्याच्या खर्चाएवढी ठेव आहे. ती मेससाठीच राहावी आणि दरवर्षी राहावी, असा माझा प्रस्ताव आहे."

टाळी नाही, काही नाही. सुभाषचंद्र साहेबांनी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

सगळे खाली बघत होते. मला पुढचं सगळं दिसत होतं. आता कुणी बोलणार नाही, प्रस्ताव पडेल, आणि मग खाली चहाच्या वेळी दोघादोघांत खूप बोलतील. मी पेन घट्ट धरून बसले होते. साहेब म्हणाले, "प्रश्न नसतील तर हात..."

"आहेत," मागून आवाज आला.

आप्पा होते. केव्हा आले, कुणासोबत आले, मला कळलं नव्हतं. शेवटच्या रांगेत उभे, एका हातात काठी, दुसऱ्या हातात जिन्यावरचे महिन्यांचे कागद, बाराच्या बारा. तिने घरी ठेवलेल्या प्रती असणार. अरुंधतीलाही याची कल्पना नव्हती, हे तिच्याकडे बघून कळत होतं.

"खजिनदारांनी उभं राहावं," आप्पा म्हणाले. लेकीला नावाने हाक नाही, काही नाही. "ठेव कुणाच्या नावावर आहे?"

"मंडळाच्या."

"पावती."

तिने पावती काढली. त्यांनी ती पहिल्या रांगेत दिली आणि हातोहात फिरवायला सांगितली. "तुम्ही एकट्या ही मोडू शकता का?"

"नाही. दोन सह्या लागतात."

"दुसरी सहीवाली मेमध्ये झाशी सोडतेय. मग?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अरुंधती म्हणाली, "नव्या चिटणिसांची सही लागेपर्यंत ठेवीला हात लागणार नाही. म्हणून ती सही याच आठवड्यात बदलायची, असं ठरावात घालावं." मी ते लिहून घेतलं.

"मंडीतल्या भाजीला शिक्क्याचं बिल नाही. तुम्ही लिहाल तोच भाव?"

"हो. तिथे आत्ता माझ्या शब्दाशिवाय काही नाही."

"हे बरोबर आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "दर वेळी वेगळा सभासद बरोबर यावा आणि त्याने सही करावी. हे मी आधीच करायला हवं होतं."

ते एकेक महिना काढत होते. मार्चचा गॅस जास्त का? हॉल भाड्याने दिला त्याचं डिपॉझिट परत केलं का? कुणीतरी म्हणालं, "आप्पाजी, रहने दीजिए, घरचीच आहे." आप्पांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. शेवटचा कागद खाली ठेवून म्हणाले, "मेसचा एक डबा नीलकंठ पळसुले यांच्याकडे जातो. त्याचे पैसे कोण भरतं?"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं.

"मी भरते," अरुंधती म्हणाली.

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला." तिचे डोळे भरले होते, दुःखाने की संतापाने ते सांगता येणार नाही. "मोबाइलवर आहे सगळं. दाखवू?"

"दाखवा. मला नको. त्यांना दाखवा."

तो फोन रांगेतून फिरायला लागला आणि काहीतरी सैल झालं. रेल्वेतले एक गृहस्थ उठून म्हणाले की व्याजाचं काय करणार. छावणीतल्या भिशीवाल्या एका बाईने विचारलं, नवे सभासद उन्हाळ्यात आले तर त्यांना डबा मिळेल का. सरळ, तोंडावर विचारलेले प्रश्न. अरुंधती उत्तरं देत गेली, हात नाचवत, निम्मी मराठी निम्मी हिंदी. सुभाषचंद्र साहेबांनी हात वर करायला सांगितले तेव्हा त्यांनी स्वतःचा सगळ्यांच्या आधी केला. विरोधात चार होते. दारातल्या अनुसयाबाई खाली गेल्या आणि चहाचं पातेलं चढवल्याचा आवाज आला.

लोक खाली उतरले. वर आम्ही तिघंच राहिलो. अरुंधती कागद गोळा करत होती, इतक्या जोरात की ते चुरगळत होते. मग ती वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही मला चोरासारखं उभं केलंत. सबके सामने."

"हो," आप्पा म्हणाले. "आता कुणाकडे विचारायला काही उरलं नाही."

"मला घरी तर सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू तयारीने उत्तरं दिली असतीस. लोकांना कळतं." ते काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले. "माझ्या वेळी मला कुणी काही बोललं नाही, अरू. चोर म्हणाले नाहीत. भांडले नाहीत. मी आलो की सगळे गप्प. ठेव मोडायच्या आधी एका सभेत मी उभा राहिलो, म्हटलं प्रश्न विचारा. कुणी विचारलंच नाही. नुसतं सतरंजीकडे बघत बसले. एकाने जरी विचारलं असतं ना की पळसुले, पैसे कुठे आहेत, तर मी ठेव मोडली नसती."

अरुंधतीने एक खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर ठेवली, आणि मघाशी ते ज्या आवाजात बोलले होते त्याच कोरड्या आवाजात म्हणाली, "पळसुले, पैसे कुठे होते?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी पाठ ताठ केली आणि सांगायला लागले. कुठल्या बँकेत, किती मुदतीला, सिमेंटचा तेव्हाचा भाव काय, छपराला पत्रे किती लागणार होते, व्याज कुठल्या रकान्यात दाखवलं होतं. त्यांना सगळं पाठ होतं. ती मध्येमध्ये अडवून विचारत होती आणि ते उत्तर देत होते. सभेचं इतिवृत्त मी मघाशीच संपवून खाली सही केली होती. मी वही पुन्हा उघडली आणि त्या सहीच्या खाली ते सगळं लिहून घेतलं.